ऊन, पाऊस आणि एक दाखला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेविषयी चार शब्द लिहून मागितले, तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती आंबोलीची वाट. गडहिंग्लजहून निघालेला रस्ता आजरा ओलांडून आंबोलीला येतो आणि घाट उतरून सावंतवाडी, बांदा करीत गोव्यात शिरतो. २००३ सालच्या मे महिन्यात दोन ट्रंका, पुस्तकांची चार खोकी आणि सहा वर्षांची कन्या यांसह आम्ही उभयता या वाटेने म्हापशाला गेलो. सात वर्षांनी त्याच वाटेने कन्येला या शाळेच्या वसतिगृहात आणून सोडले. या दोन प्रवासांच्या मधल्या काळात जे शिकलो, ते शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एम. ए. आणि पुढे बी. एड. करूनही आमची आठ वर्षे विनाअनुदानित तुकड्यांवर गेली होती. पगार कधी अर्धा, कधी सहामाही, कधी नुसते आश्वासन. अशा वेळी म्हापशाजवळच्या एका खाजगी शाळेत मराठी आणि इतिहास शिकविण्याचे काम मिळत आहे, असा निरोप आला. गोवा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहिले, ते दिनदर्शिकेवरचे होते. स्वच्छ ऊन, माड, निळे पाणी, पांढरी वाळू. त्या चित्राला आम्ही मनाने आणखी एक रंग दिला होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत साडेचारशे वर्षे पोर्तुगीज अंमलाखाली राहिलेल्या या प्रदेशात जातीची गाठ आपल्याकडच्याइतकी घट्ट नसेल, असे आम्ही गृहीत धरले होते. बाबासाहेबांनी गाव सोडण्याचा मार्ग दाखवला; आपण तर राज्यच सोडीत आहोत, मग मागचे सारे मागेच राहील, असा आमचा हिशेब होता.

पहिला हिशेब हवामानाने चुकवला. गडहिंग्लजचे ऊन कोरडे. हिरण्यकेशीच्या काठी संध्याकाळी वारा सुटला की अंग हलके होते. म्हापशाचे ऊन अंगाला चिकटून राहते. सकाळी इस्त्री करून घातलेला सदरा पहिल्या तासालाच पाठीला चिकटे. मग जूनमध्ये पाऊस आला आणि सप्टेंबर संपेपर्यंत हटला नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. पण त्याचा अर्थ आठ-आठ दिवस न वाळणाऱ्या कपड्यांनी समजावला. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आम्ही एकेक करून जमविले होते. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरली. दर रविवारी ती फडक्याने पुसणे हा आमच्या घरचा नेमच झाला.

त्याच उन्हासाठी हिवाळ्यात युरोपातून विमाने भरून माणसे येत आणि समुद्रकाठी अंग टाकून पडत. किनाऱ्यावर खोदकाम करणारे, विटा वाहणारे, भाजीच्या पाट्या घेऊन बसलेले मजूर, त्यांत आपल्या घाटावरचे आणि कर्नाटकातले पुष्कळ, त्याच उन्हात डोक्याला फडके गुंडाळून सावली शोधीत. ऊन एकच होते. कोणाला त्यात पडून राहण्याची मुभा होती आणि कोणाला राबावे लागत होते, एवढाच फरक होता. आमचे आजोबा उभे आयुष्य दुसऱ्याच्या शेतावर उन्हात राबले. उन्हाचे कौतुक त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते, याची तेव्हा आठवण झाली.

दुसरा हिशेब भाड्याच्या खोलीने चुकवला. "तुमी खंयचे?" हा तिथला पहिला प्रश्न. कोल्हापूरकडचे म्हटले की आम्ही 'घाटी' ठरत असू. ते आम्ही हसून सोडून देत होतो. दुसरा प्रश्न आडनावाचा असे. एका घरमालकाने खोली दाखवली, भाडे ठरवले, पाण्याची वेळ सांगितली आणि आडनाव ऐकल्यावर सायंकाळी कळवतो म्हणाला. ती सायंकाळ आली नाही. पुढे कळले, की हिंदूंत जात आहेच, पण चर्चमध्ये जाणाऱ्यांतही बामण, चारडो, शूद्र असे भेद लग्नाच्या वेळी जागे होतात. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, हे इतिहासाच्या वर्गात आम्ही शिकवीत आलो होतो. आता ते खोली शोधताना अनुभवले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की गोव्याने आम्हांस पुष्कळ दिले. पगार दर महिन्याला वेळेवर मिळाला. आम्हांस शेवटी घर दिले ते एका ख्रिस्ती वृद्धेने. तिने आडनाव विचारले नाही, मुलीची इयत्ता विचारली. रात्री उशिरा स्त्रिया निर्धास्तपणे बसने घरी येताना आम्ही पाहिल्या. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच मानला जातो, हे पाहून हिंदू कोड बिलासाठी झगडलेल्या बाबासाहेबांची आठवण झाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घाटावरची लाल मिरची दिसली की परके वाटत नसे.

तिसरा धक्का मात्र ना उन्हाचा होता, ना आडनावाचा. कन्या सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या अर्जाला आम्ही तिचा जातीचा दाखला जोडला. कार्यालयातील लिपिकाने तो उलटसुलट पाहून सौजन्यानेच परत केला. "हा महाराष्ट्राचा. इथे चालत नाही." आम्ही म्हणालो, आमची जात गोव्याच्या यादीतही आहे. तो म्हणाला, "जात आहे, पण तुम्ही इथले नाही."

त्या रात्री आम्ही संविधान काढून बसलो. एकोणिसाव्या अनुच्छेदाने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ३४१ व्या अनुच्छेदाने मात्र अनुसूचित जातींची यादी त्या त्या राज्याच्या संबंधात ठरविली आहे. म्हणजे माणूस सीमा ओलांडू शकतो, त्याचा दर्जा ओलांडीत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण याच जातीचे होते. आंध्र प्रदेशातून वयाच्या नवव्या वर्षी वडिलांबरोबर मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली होती. ती नाकारली गेली. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानेही तेच तत्त्व कायम ठेवले. न्यायालयाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्रत्येक राज्यातील वंचना निराळी असते, आणि बाहेरून आलेल्यांनी जागा घेतल्या तर तिथल्याच दुबळ्यांचा घास जातो. गोव्यात अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्यांच्या मोजक्या जागांवर आम्ही हक्क सांगावा का, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. तरीही एक गोष्ट गिळता येत नव्हती. ज्या राज्याच्या दप्तरात आम्ही अनुसूचित जातीचे नव्हतो, त्याच राज्यात आडनाव ऐकून आम्हांला खोली नाकारली गेली होती. दाखला सीमेवर थांबला होता. जात थांबली नव्हती.

सरकारी नोकरीसाठी तिथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. कन्या गोव्यातच दहावी-बारावी झाली असती, तर महाराष्ट्रातील प्रवेशाच्या वेळी अडचण आली असती आणि गोव्यात तर राखीव जागा नव्हतीच. दोन्ही घरची पाहुणी आणि उपाशी, अशी तिची गत झाली असती. म्हणून जून २०१० मध्ये आम्ही तिला आठवीसाठी या शाळेच्या वसतिगृहात ठेवले.

ती तेरा वर्षांची होती. महिन्यातून एका रविवारी पहाटेची गाडी धरून आम्ही येत असू. आंबोलीत धुक्याने गाडी थांबली की भेटीचा एक तास कमी होई. दुसऱ्याच भेटीत ती म्हणाली, "तुम्ही मला एका कागदासाठी इथं ठेवलंय." वसतिगृहाच्या ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तिला समजावले नाही आणि आम्हांलाही दोष दिला नाही. फक्त तिचा डबा उघडून आम्हां तिघांपुढे ठेवला. तिच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. आजही त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नाही.

पण शाळेने तिला जे दिले, ते आम्ही देऊ शकलो नसतो. सकाळ-सायंकाळची वंदना, पंगतीत एकत्र जेवण, आडनाव सांगताना खाली न जाणारी मान. ती नववीत असताना २६ जुलैच्या कार्यक्रमाला आम्ही हजर होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली याच दिवशी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे तिने भाषणात सांगितले. गडहिंग्लज तेव्हा संस्थानात होते. भाषण संपता संपता तिने वर पाहिले आणि विचारले, "संकेश्वर तर इंग्रजांच्या मुलखात होतं. मग तिथल्या मुलांचं काय?"

सभागृहात क्षणभर शांतता झाली. इतिहासाची पदवी आमच्यापाशी होती, पण हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता. हाकेच्या अंतरावरच्या संकेश्वरला शाहू महाराजांचा तो आदेश लागू नव्हता. म्हणजे हक्क सीमेवर थांबण्याची गोष्ट आमच्यापासून सुरू झालेली नाही. परंतु ती सीमा पुढे सरकली, हेही खरे. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. पुढे संविधानाने त्या तत्त्वाला देशभर आधार दिला. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. प्रत्येक वेळी कोणी तरी विचारले होते, "पलीकडच्या मुलांचं काय?"

कन्येची दहावी झाली त्या वर्षी, २०१३ मध्ये, आम्हीही परत आलो. तिच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. तो मिळाला आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या नोंदवहीत. ते दुसरीपर्यंतच शिकले होते. त्या दोन इयत्तांच्या बळावर नातीला २०१५ साली औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला.

परराज्यात जाणाऱ्या पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. गोवा असो, गुजरात असो वा कर्नाटक, अवश्य जा. भीतीने घरी बसू नका. ऊन-पाऊस सोसता येतो, भाषा शिकता येते, भाकरीऐवजी उकड्या तांदळाचा भात अंगवळणी पडतो. पण निघण्यापूर्वी मुलांचे जातीचे दाखले आणि पडताळणी पूर्ण करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी काढून ठेवा. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भरतीत मूळ राज्याचा दाखला चालतो, हे लक्षात असू द्या. मुले दहावी-बारावी कोठे करणार, हे आठवीच्या आतच ठरवा. आम्ही हे वेळेवर जाणले असते, तर कदाचित पहिल्या वर्षीच निराळा विचार केला असता आणि एका मुलीची तीन वर्षे आई-वडिलांपासून दूर गेली नसती.

माजी विद्यार्थ्यांना सांगणे थोडे निराळे आहे. तुमच्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी अधिकारी, कोणी अभ्यासक. स्थलांतरित मजुराच्या मुलाचा हक्क जपायचा आणि तिथल्या स्थानिक वंचिताचा घासही काढून घ्यायचा नाही, असा मार्ग कायद्यात कसा काढता येईल, हा प्रश्न अजून उघडा आहे. नववीतल्या एका मुलीने तो याच सभागृहात विचारला होता. तो आता तुमच्या स्वाधीन करीत आहोत.

बुरशीचे डाग पडलेले ते खंड आम्ही परत आणले. ते आता शाळेच्या ग्रंथालयात आहेत. मुले ते उघडतात तेव्हा डागांविषयी विचारतात, आणि आम्ही त्यांना गोव्याच्या पावसाची हकिकत सांगतो.

जय भीम!