धार

बाबा होडी चालवताना सारखे मागे वळून बघायचे. पाहुण्यांना वाटायचं, हा माणूस किनाऱ्यावर काहीतरी विसरून आला आहे. बाबांचं लक्ष असायचं ते पिछाडीच्या नळीकडे. इंजिनाला थंड करून झालेलं समुद्राचं पाणी धुरासोबत तिथून भसाभस बाहेर पडत राहतं. ती धार ठीक असेल तर होडी ठीक. वारा, भरती, लाटा यातलं काहीही मला कळायला लागलं त्याच्या आधी धार कळली. "बाय, धार बघलंस?" असं ते विचारायचे, आणि मी वाकून बघून "हां" म्हटल्याशिवाय गिअर पडायचा नाही.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची अरुंद पट्टी. आमची होडी संगमावर फिरायची, कधी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जायची. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. तिथे इंजिन बंद पडलं तर विचार करायला फार वेळ मिळत नाही. म्हणून होडीच्या पोटात काय चाललं आहे हे जमिनीवरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जवळून माहीत असावं लागतं.

त्या पहिल्या होडीचं इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल होतं, हँडल मारून चालू होणारं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, भोवती वळवायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठाच मोडतो. हे मला हँडल हलवण्याइतकी ताकद येण्याच्या आधी शिकवलं गेलं. त्या इंजिनात समुद्राचं पाणी थेट सिलिंडरभोवती खेळायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी ६० अंशांच्या पुढे तापू लागलं की त्यांचा थर आतून धरायला लागतो. थर धरला की वाट अरुंद, वाट अरुंद झाली की उष्णता जास्त, उष्णता जास्त की थर आणखी. म्हणून असं इंजिन रस्त्यावरच्या इंजिनापेक्षा थंडच चालवावं लागतं. पावसाळ्यात होडी वर ओढली की बाबा झाकण उघडून आतली खपली खरवडत बसायचे आणि मी दिवा धरायची.

पुढे मालवणच्या पॉलिटेक्निकमध्ये हीट एक्सचेंजर शिकले तेव्हा मला त्यात आमच्या जुन्या दुखण्यावरचं औषध दिसलं. नव्या इंजिनात दोन पाणी असतात. गोडं पाणी इंजिनातच फिरत राहतं, आणि समुद्राचं पाणी बारीक नळ्यांमधून जाऊन फक्त त्या गोड्या पाण्याची उष्णता उचलतं. इंजिनाच्या आत मीठ जातच नाही. पुण्यात नोकरी करताना मी याहून खूप गुंतागुंतीची इंजिनं पाहिली, पण इतकी समाधान देणारी कल्पना क्वचितच भेटली.

मात्र समुद्राला आत घ्यावंच लागतं. तळाला भोक असतं, त्यावर पितळी कॉक, पुढे जाळी, मग पंप. त्या पंपात रबरी पाकळ्यांचं चाक असतं. चाक मध्यावर नसतं. एका बाजूला पाकळ्या दबतात, दुसऱ्या बाजूला मोकळ्या होतात, आणि त्या दबण्या-मोकळं होण्यातूनच पाणी ओढलं जातं. त्या रबराला वंगणही पाण्याचंच. जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली आणि पाणी तुटलं, की कोरडं फिरणारं रबर बघता बघता जळतं. चाक दरवर्षी बदलायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तुटलेल्या चाकाच्या पाकळ्या मोजायच्या, आणि जी सापडत नसेल ती शोधूनच काढायची, हे फार थोडे करतात. ती कुठेही गेलेली नसते, पुढे हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकून बसलेली असते. नवं चाक घालूनही धार बारीकच पडते, आणि माणूस नको तिथे दोष शोधत राहतो.

थंड करून झालेलं पाणी धुराच्या नळीत सोडतात, त्यामुळे पुढची नळी रबराची चालते आणि आवाजही दबतो. या सोयीचा एक धोका आहे आणि तो मी प्रत्येक नव्या होडीवाल्याला आवर्जून सांगते. इंजिन चालू होत नाही म्हणून आपण स्टार्टर मारत राहतो. दर फेरीला पंप पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. मग पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि मागे चढत सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पुढचा स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन हट्ट करत असेल तर कॉक बंद करून स्टार्टर मारावा, आणि इंजिनाने सूर धरला की लगेच कॉक उघडून मागे धार बघावी.

जस्ताची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. कोण झिजणार हे आपल्याला ठरवता येतं, हे हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये दाखवलं. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असायचा आणि तो समुद्रात विरत जायचा. डेव्हीने त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण तळावर शिंपले नि शेवाळ वाढू लागलं. तांबं विरत होतं म्हणूनच ते जीव आजवर दूर राहिले होते. त्याचा उपाय तेव्हा मागे पडला, तरी तत्त्व आज आमच्या छोट्या होडीवरही काम करतं. शाफ्टवर जस्ताचा गोळा, हीट एक्सचेंजरमध्ये जस्ताची कांडी. ते अर्धं झिजलं की बदलायचं. कोणी हौसेने तळाला रंग देताना जस्तावरही हात फिरवतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. रंगाखाली ते जस्त काहीच करू शकत नाही, आणि मग पंख्याला भोकं पडतात.

शाफ्ट होडीच्या पोटातून बाहेर जातो तिथे ग्लँड असते. तीत ग्रीस लावलेल्या दोरीची कडी भरतात, प्रत्येक कडं तिरकं कापून, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्याखाली येणार नाही असं. शाफ्ट फिरत असताना तिथून मिनिटाला दोन-तीन थेंब पडायला हवेत. थेंब थांबावेत म्हणून नट आवळला की दोरी तापते आणि शाफ्टला चरे पाडते. पूर्ण कोरडी ग्लँड बघून खूश होणाऱ्याला हे पटवणं कठीण जातं.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगते. खाऱ्या हवेत तांब्याची तार हिरवी पडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी. पाणी उपसणाऱ्या पंपाची तार मुख्य स्विचमधून न नेता स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडावी, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलो तरी तो जागा राहतो. बाबांना हा आपोआप चालणारा पंप आवडायचा नाही. पाणी कुठून येतं ते तो लपवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं बरोबर होतं. म्हणून आमच्या आताच्या होडीवर पंप चालू झाला की सुकाणूसमोर लाल दिवा लागतो.

इंजिन नेमकं संगमावरच्या लाटांतच का बंद पडतं, याला लोक नशीब म्हणतात. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं आणि डिझेलखाली तळाला बसतं. त्या दोहोंच्या सीमेवर जंतूंचा चिकट गाळ वाढतो. शांत पाण्यात तो तळाशी पडून राहतो. लाटांनी टाकी घुसळली की गाळ उठतो आणि फिल्टर भरतो. मेअखेर होडी वर ओढताना टाकी काठोकाठ भरून ठेवायची, हा त्याचा साधा उपाय आहे.

आता होड्या फायबरच्या झाल्या. पाहुण्यांना बसायला जास्त जागा मिळावी म्हणून काही ठिकाणी इंजिनावरची फळी स्क्रूने कायमची बंद करतात. हे मला मुळीच मान्य नाही. २५ मिलिमीटरची नळी पाण्याखाली फूटभरावर निसटली तर मिनिटाला साधारण ४० लिटर पाणी आत येतं. त्या वेळी स्क्रू काढत बसायचं की कॉक बंद करायचा? आमच्याकडे प्रत्येक कॉकशेजारी निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असते. कॉकच तुटला तर ती भोकात ठोकायची.

बाबा आता होडीवर येत नाहीत. घराच्या पडवीत बसून ते जाणाऱ्या होड्या ऐकतात. पाणी नीट पडत असलं तर धुराचा आवाज ओला, घुटमळणारा येतो; पाणी कमी झालं की तो कोरडा, तडतडता होतो. कोणाची होडी तशी गेली की ते माझ्या भाच्याला तिच्या मालकाला फोन लावायला सांगतात.

भाचा यंदा होडी शिकतो आहे. मी त्याला आधी सुकाणू दिलं नाही, कागद दिला, आणि होडीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे ते सगळं काढून आण म्हटलं. त्याने चित्र नीट काढलं आहे: इंजिनाच्या पाण्याचं भोक, शाफ्टचं, खोलीमापकाचं, वर पाणी उपसण्याच्या नळीचं, धुराचं. सुकाणूचा दांडा जिथून खाली उतरतो ते मात्र त्यात नाही. "आत्ये, झालं ना सगळं?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. ते भोक पिछाडीच्या फळीखाली कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय लागत नाही, आणि तो हात त्यालाच घालू दे.