धाकट्याची शर्यत

आमच्या कोल्हापुरात रेसकोर्स नाका नावाचा बसस्टॉप आहे. कंडक्टर ‘चला, रेसकोर्स, रेसकोर्स!’ म्हणून ओरडतो आणि पिशव्या, दप्तरं, डबे सांभाळत माणसं शर्यत सुटल्यासारखी दाराकडे धावतात. नाक्यावर घोडा मात्र औषधालाही नाही. मी रोज तिथंच उतरतो. घोड्यांशी माझा आणखी एकच संबंध आला, तो वरातीत. त्यातही मी घोडा चालवत होतो की घोडा मला, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत.

तरीही एका घोड्याबद्दल मला भाऊबंदांसारखा जिव्हाळा आहे. त्याचं नाव सयाजीराव.

दचकू नका. बडोद्याचे थोर महाराज सयाजीराव गायकवाड १९३९ साली वारले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. नातवाला घोड्यांचा भारी नाद. मुंबईची पहिली डर्बी १९४३ साली त्यांच्याच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनं मारली. मग १९४५ साली त्यांनी इंग्लंडात वर्षाचं एक शिंगरू लिलावात घेतलं आणि त्याला आजोबांचं नाव दिलं. किंमत २८ हजार गिनी. एवढ्या भावानं तोवर तिथं शिंगरू विकलं गेलं नव्हतं.

करवीर नगर वाचन मंदिरात बसून हे वाचताना माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे दीड शिलिंग. हिशेब केला. ३ लाख ९२ हजार रुपये, बाकी शून्य! शिंगरानं तोवर एकही शर्यत पळलेली नव्हती. आमच्या बँकेत असं प्रपोजल आलं असतं तर मॅनेजरनं पहिल्यांदा तारण विचारलं असतं.

तारण होतं. थोरला भाऊ! दांते नावाच्या त्याच्या सख्ख्या भावानं त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी मारली होती.

इथं मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. कारण मलाही थोरला भाऊ आहे.

दादानं शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. चार वर्षांनी त्याच वर्गात, त्याच गुरुजींच्या समोर मी. हजेरी घेताना गुरुजी आडनावापाशी थांबायचे. ‘म्हणजे त्याचा धाकटा का रं तू? वा, वा!’ हे ‘वा, वा’ सहामाहीपर्यंत टिकायचं. पेपर तपासून झाले की ‘असं कसं रं झालं?’ मला पुस्तकं दादाची, शर्ट दादाचा आणि अपेक्षाही दादाच्याच मापाच्या. शर्ट निदान आखूड करून घेता यायचा.

तर सयाजीरावाचं पुढं काय झालं? १९४७ चा हंगाम सुरू झाला. ‘टू थाउजंड गिनीज’ या मोठ्या शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाचा घोडा आठ घोडे मागंपुढं उभे राहतील एवढ्या अंतरानं जिंकला. सयाजीराव तिसरा. मग लिंगफील्डला तो जिंकला आणि पुन्हा ‘वा, वा’ झालं. जूनमध्ये खुद्द डर्बी. ज्याचा भाव एकास चाळीस होता, तो पर्ल डायव्हर पहिला आला. ज्याच्यावर सगळ्या इंग्लंडचे पैसे लागले होते, तो ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा. आणि सयाजीराव? पुन्हा तिसरा. आता, डर्बीत तिसरा येणं म्हणजे काही नापास होणं नव्हे. पण थोरल्यानं जी शर्यत मारली तिथं धाकटा तिसरा आला, की लोक ‘तिसरा’ म्हणत नाहीत, ‘हरला’ म्हणतात. हे मी अनुभवानं सांगतो.

घोड्याला मात्र हे कुणी सांगितलं नसावं. त्यानं त्याच महिन्यात आयर्लंडची डर्बी मारली. सप्टेंबरात डॉन्कास्टरला सेंट लेजर होती. डर्बी दीड मैलाची, ही पावणेदोन मैलांहून थोडी जास्तच. शेवटी आर्बार हा फ्रेंच घोडा अगदी लगटून आला. जॉकी ब्रिटनं सयाजीरावाला मुंडीभर पुढं काढलं, आणि जिंकला! इंग्रज इथून जाऊन महिनाही झाला नव्हता आणि तिकडं साहेब लोक ‘सयाजीराव’ हे नाव जीभ वळवून वळवून उच्चारत होते.

गंमत पुढंच आहे. दोन वर्षांपूर्वी हीच सेंट लेजर दांतेला पळायची होती. पण त्याच्या डोळ्यांचं दुखणं निघालं, तो पळूच शकला नाही; पुढं तर आंधळाच झाला. म्हणजे थोरल्याची राहिलेली शर्यत धाकट्यानं मारली.

बाबांच्या वर्षश्राद्धाला दादा मुंबईहून आला होता. रात्री गॅलरीत बसून मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबांच्या दवाखान्याच्या खेपा, रात्रीची जागरणं, सगळं तूच केलंस. तीन वर्षं. मला त्या शर्यतीत पळायलाच मिळालं नाही.’

मला काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, ‘पंखा लावू का रे?’ गॅलरीत आमच्याकडं पंखा नाही.

दुसऱ्या दिवशी दादा परत गेला आणि संध्याकाळी आमच्या धाकट्या चिरंजिवांनी प्रगतिपुस्तक पुढं केलं. गणितात ४१. ‘तुझी ताई या वर्गात असताना...’ हे शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. मी ते गिळले आणि सही करत म्हणालो, ‘असू दे. सेंट लेजर सप्टेंबरात असते.’

तो आत जाऊन आईला म्हणाला, ‘आई, बाबांना बरं वाटत नाही.’