अंगणातली भट्टी
उर्से गावात घरापुढे अंगण असेल, तर चायनीजच्या गाडीवरची भट्टी तिथे मांडण्याचा मोह मला रास्त वाटतो. कोबी-गाजरात पाणीच जास्त, आणि उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे 2,260 ज्यूल लागतात. घरच्या शेगडीचा बर्नर जेमतेम 2-3 किलोवॅटचा. कढई भरली की भाजी परतली जात नाही, आपल्याच पाण्यात शिजून मऊ पडते. थोडी थोडी परता, असं कुणी म्हणेल. दोघांपुरतं ते खरं. दहा पानं वाढायची तर पहिला घाणा गार होतो. धोक्याचा आक्षेप मात्र वजनदार: हाय प्रेशर शेगडीला तिचाच रेग्युलेटर आणि 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर हवा, आणि मावळातला पाऊस आला म्हणून ती बंदिस्त पडवीत ओढायची नाही. राहता राहिला भात. इंद्रायणी चिकट, कितीही ज्वाळेवर मोकळी व्हायची नाही. त्याला आदल्या रात्रीचा कोलमच बरा.