खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीने मळण्याची आपल्याकडे रीत आहे. पशुवैद्यकाचे शिक्षण घेताना तिचे मर्म मला उमगले. माणसाचा खांदा जत्रुकाने, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाने, छातीच्या सांगाड्याशी सांधलेला असतो. बैलाला ते हाडच नाही. त्याचे धड पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेले असते. देशी बैलाच्या वशिंडातही खांद्याचाच एक स्नायू वाढलेला असतो, आणि जू बसते नेमके त्याच्या पुढ्यात. खांदा सुजलेला दिसला की मी धन्याला आठवडाभर जू उतरवायला सांगतो. ऐन पेरणीत ते त्याच्या जिवावर येते. तरीही पुष्कळदा तो मुकाट्याने भाड्याची जोडी शोधायला निघतो. खरी खांदेमळणी ती हीच, असे मला वाटते.