झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळलेल्या सह्या

वेलिंग्टनच्या नॅशनल लायब्ररीत 'हे तोहू' नावाचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. त्यात तीनच दस्तऐवज. एक 1835 चा माओरी सरदारांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, दुसरा 1840 चा वाइटांगीचा करार, आणि तिसरा, ज्याच्यासाठी मी एवढा समुद्र ओलांडून गेले होते, तो 1893 चा बायकांचा अर्ज. कागद जपायचे म्हणून दालनात उजेड अगदी बेताचा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळे सरावेपर्यंत काही म्हणता काही दिसत नाही.

मग अक्षरं दिसू लागतात. कागदावर आखलेल्या रकान्यांत नाव आणि पत्ता. काही अक्षरं वळणदार, रोज पत्रं लिहिणाऱ्या हाताची. काही थरथरती. एका ठिकाणी शाई इतकी विरलीय की नाव अंदाजानंच वाचावं लागतं. कित्येक जणींनी स्वतःचं नाव न लिहिता 'मिसेस' लावून नवऱ्याचं लिहिलंय. मताचा हक्क मागायचा अर्ज, आणि सही नवऱ्याच्या नावानं! मला हसू आलं, पण आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवल्या आणि ते आवरतं घेतलं.

हे पाचशेहून जास्त कागद एकाखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी केली होती, झाडूच्या दांड्याभोवती. लांबी सुमारे 270 मीटर, म्हणजे तीसेक नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरावीत तेवढी. अर्जाच्या बाजूनं उभे असलेले आमदार सर जॉन हॉल यांनी ती सभागृहात उलगडली आणि मधल्या वाटेवरून घरंगळत जाऊन ती पलीकडच्या टोकाला धडकली, असं सांगतात. हा मुख्य अर्ज. त्याच्यासोबत आणखी बारा होते, ते टिकले नाहीत. सगळे मिळून जवळपास 32,000 सह्या.

हे सगळं जिनं जमवून आणलं ती केट शेपर्ड. लिव्हरपूलमध्ये जन्मलेली, विशी-एकविशीत आई-भावंडांबरोबर न्यूझीलंडला आलेली, क्राइस्टचर्चमधल्या एका दुकानदाराची बायको. 1887 मध्ये ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेनं मताधिकाराचं काम तिच्याकडे दिलं. 1891 मध्ये 9,000 वर सह्या, 1892 मध्ये 20,000 च्या आसपास, आणि तिसऱ्या वर्षी हा डोंगर. आमच्या सोसायटीत पाण्याच्या अर्जावर सह्या घ्यायला चार जिने चढले तरी निम्मे लोक 'ह्यांना विचारून सांगते' म्हणतात. ज्यानं हे काम केलंय त्याला त्या 32,000 चं वजन कळेल. भाषणं सगळ्यांच्या लक्षात राहतात, दारोदार फिरणाऱ्या बायका राहत नाहीत. त्यांची चिकाटी मला केटच्या वक्तृत्वापेक्षा मोठी वाटते, आणि ती चिकाटी कामाला लावणं हेच केटचं खरं कसब.

मद्यपानविरोध आणि मताधिकार यांचा काय संबंध, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका आजही मतदान करतात. उभी बाटली की आडवी बाटली, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली केली की दुकानाला कुलूप. घरात येणारा पगार गुत्त्यात जातो, कायदा करणाऱ्यांना त्याचं सुखदुःख नाही, तर मग कायदा करणारे निवडायचा हक्कच द्या, असा तो सरळ हिशेब. ही संघटना न्यूझीलंडमध्ये रुजवली ती 1885 मध्ये तिथे आलेल्या अमेरिकन प्रचारक मेरी लेविट यांनी. पुढे त्याच फिरतीत त्या हिंदुस्थानातही आल्या. आणि साधारण त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेत याच संघटनेच्या बायकांत वावरत होत्या. 1889 च्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात या बायकांच्या कामाचं मन लावून केलेलं वर्णन आहे.

लायब्ररीतून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे संसद. 1893 ची लाकडी इमारत 1907 च्या आगीत गेली, आज दिसते ती नंतरची. पण तेव्हाचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांचा पुतळा आवारात उभा आहे. यांना बायकांचं मत नको होतं. दारूवाल्यांच्या बाजूच्या हेन्री फिश नावाच्या आमदारानं तर पैसे देऊन गुत्त्यांतून उलट सह्या गोळा करवल्या, त्यातल्या कित्येक खोट्या निघाल्या. मताधिकाराचं विधेयक वरच्या सभागृहात पोचलं तेव्हा सेडननी तार करून एका सभासदाचं मत फिरवलं. हा आगाऊपणा विरोधातल्याच दोघांना इतका झोंबला की त्यांनी पंतप्रधानांची जिरवायची म्हणून बाजूनं मत दिलं. 20 विरुद्ध 18. गव्हर्नरची सही 19 सप्टेंबरला झाली आणि स्वतःचा कारभार करणाऱ्या देशांत राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मत देणारा पहिला देश म्हणून न्यूझीलंडचं नाव लागलं. 28 नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत जेमतेम दहा आठवडे, तेवढ्यात 1,09,461 बायकांनी यादीत नाव घातलं आणि त्यांतल्या 90,290 जणींनी मत दिलं.

बोटीनं कुकची सामुद्रधुनी ओलांडून पिक्टन, तिथून बसनं दक्षिणेला, केटच्या क्राइस्टचर्चकडे. कायकोराजवळ खडकांवर सील पसरलेले दिसतात, ते पाहताना बसमधले सगळे एका खिडकीकडे झुकतात. बाकी प्रवासात मी झोपले.

क्राइस्टचर्चमध्ये एव्हन नदीच्या काठी 1993 मध्ये बसवलेलं शिल्प आहे. त्यात केट एकटी नाही, हे मला आवडलं. शेजारी मेरी ते ताई मांगाकाहिया आहे. तिनं मे 1893 मध्ये माओरींच्या स्वतंत्र संसदेत उभं राहून मताबरोबर निवडून यायचा हक्कही मागितला होता. गोऱ्या बायकांच्या मागणीपेक्षा दोन पावलं पुढे. आणि मद्यपानविरोधी संघटनेत यायचं तर हनुवटीवरचं पारंपरिक गोंदण करून घेणार नाही, असं वचन माओरी बायकांना द्यावं लागे. दहा डॉलरच्या नोटेवर केटचा चेहरा आणि पांढरी कमेलियाची फुलं छापताना ही गोष्ट अर्थातच छापत नाहीत. पाठिंबा देणाऱ्या आमदारांच्या कोटाला पांढरं कमेलिया, विरोधकांना लाल, असा तेव्हाचा खेळ.

क्लाइड रोडवरचं केटचं लाकडी, व्हरांड्याचं घर 2019 मध्ये सरकारनं विकत घेतलं, आता ते पाहता येतं. अर्जाचे कागद इथेच चिकटवले गेले. मी खोल्यांची लांबी डोळ्यांनी मोजत राहिले: खळ, कात्र्या, वाळत घातलेले कागद, आणि त्यात दहा-बारा वर्षांचा मुलगा. याच सुमारास ती सायकल क्लबात होती आणि कमर आवळणाऱ्या कॉर्सेटच्या विरोधात लिहीत होती. पुढचं आयुष्य तिला फार सुखाचं गेलं नाही. मुलगा 1910 मध्ये गेला, नवरा 1915 मध्ये. एकुलती नात 1930 मध्ये क्षयानं गेली. ॲडिंग्टनच्या दफनभूमीत ती माहेरच्या माणसांजवळ आहे. क्राइस्टचर्चच्या भूकंपांत तिथले बरेच दगड कलंडले होते.

लिटलटन बंदरात मी शेवटी गेले, डोंगरातल्या बोगद्यातून. 1869 मध्ये केट याच बंदरात उतरली. मत मिळालं तरी संसदेत उभं राहायचा हक्क बायकांना 1919 पर्यंत मिळाला नाही. आणि पहिली स्त्री निवडून आली ती आणखी चौदा वर्षांनी, 1933 मध्ये, याच लिटलटनमधून: एलिझाबेथ मॅक्कॉम्ब्स, नवऱ्याच्या मृत्यूनं रिकाम्या झालेल्या जागेवर. केट तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती. ही बातमी तिला कळली, आणि दहा महिन्यांनी, जुलै 1934 मध्ये, ती वारली.