मास्तरांच्या शोधात : खेड ते रत्नागिरी

दरवर्षी २० मार्चला आमच्या वसाहतीत सभा होते. त्या सभेत आम्ही एक गोष्ट हमखास सांगत असू. आमचे पणजोबा खेड तालुक्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते. १९२७ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, पायी महाड गाठले आणि बाबासाहेबांच्या पाठोपाठ चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. एवढे सांगितले की टाळ्या पडत. ही गोष्ट आम्हांस आमच्या आजीने सांगितलेली. आजी म्हणजे मास्तरांची सून, तेव्हा शंका घेण्याचे कारणच नव्हते.

मागच्या वर्षी सभा संपल्यावर एक कॉलेजात जाणारा मुलगा जवळ आला. म्हणाला, "काका, याला काही कागद आहे का?" आम्ही वीस वर्षे कारकुनी केलेली माणसे. बिलामागे व्हाउचर नसेल तर बिल परत पाठविणारे. आणि आमच्याच पणजोबांच्या मागे व्हाउचर नव्हते! घरात मास्तरांची म्हणून एकच वस्तू आहे, वहीवर रेघा मारण्याचा लाकडी रूळ. फोटोदेखील नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही व आमच्या सहचारिणी कोकण रेल्वेने खेडला उतरलो. तेथून एस.टी. आणि शेवटची चाल पायी. आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला, ओहोळाच्या पलीकडे. मास्तरांची शाळा जिथे भरत असे तिथे आता फक्त जोते उरले आहे आणि त्यावर फणसाचे झाड. गावात जिल्हा परिषदेची एकच शाळा, सगळ्यांची मिळून. पटावर पोरे थोडी, कारण निम्मी वाडी मुंबईत. वाडीतल्या आत्यांनी घावन आणि काळा चहा दिला व तीच महाडची गोष्ट आम्हांसच पुन्हा ऐकविली. त्यांच्या गोष्टीत मास्तर एकटे नव्हते, सारी वाडी त्यांच्यामागे महाडला चालत गेली होती.

या भागात आपल्या लोकांत अक्षर आले ते पलटणीतून. पेन्शन घेतलेले कितीतरी शिपाई दापोलीत राहात. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले ते दापोलीतच. 'दीनबंधु'त त्यांनी लिहिलेले लेख म्हणजे आपल्या माणसाने वर्तमानपत्राचा हत्यारासारखा केलेला पहिला वापर, असे आमचे मत आहे. याच पेन्शनरांना १८९० च्या दशकात मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज करावे लागले, आणि मुलांना जागा मिळाली ती ओसरीवर. पुढे सरकारने आपली सैन्यभरती बंद केली. मग शिपायाच्या मुलाने करावे काय? जो शिकला तो मास्तर झाला. आमचे पणजोबा त्यांतलेच.

तेथून आम्ही रत्नागिरीला गेलो. या शहराचे नगर वाचनालय १८२८ सालचे, आणि वर्तमानपत्रेही जुनी. 'सत्यशोधक' नावाचे साप्ताहिक इथे १८७१ साली निघाले. नाव वाचून आम्ही हरखलो होतो, पण त्याचा महात्मा फुल्यांशी संबंध नाही. सत्यशोधक समाज स्थापन झाला तो १८७३ साली. आम्हांस हव्या त्या वर्षांच्या फायली मिळाल्या त्या मात्र एका जुन्या, बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या. मालकांचे नातू आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या माळ्यावर बांधीव खंड पडले होते, काहींना कसर लागलेली. आम्ही नाव, गाव आणि काम सांगितले. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बघा. पण तुमचे पणजोबा आमच्या पेपरात आले असतील तर तक्रारीतच आले असतील, हे आधी सांगून ठेवतो." सूनबाईंकडून चहा आणवला आणि स्वतः फडक्याने धूळ पुसत शेजारी बसले.

दोन दिवस काही मिळाले नाही. आम्ही आडनाव शोधीत होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "अहो, आपलं आडनाव त्यांनी छापलंच नसेल तर?" तसेच निघाले. इतर मास्तरांची नावे आडनावासह, पुढे 'रा. रा.' लावून. आमच्या पणजोबांचे नुसते एकेरी नाव आणि पुढे जात. ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे, म्हणजे आमच्यासारखे दोन दिवस फुकट जाणार नाहीत.

पहिला मजकूर १९२५ सालचा, गावकऱ्यांच्या नावाने आलेले पत्र. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. पत्रात तक्रार अशी की, मास्तर त्या ठरावाचा आधार सांगतात आणि शाळेतल्या पोरांना सार्वजनिक विहिरीवर नेतात, तरी खात्याने बंदोबस्त करावा.

दुसरा मजकूर एका ओळीचा, अकरा महिन्यांनंतरचा. शिक्षकांच्या बदल्यांच्या यादीत मास्तर मालवण तालुक्यात. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. तक्रारीपासून बदलीपर्यंत फाईल किती टेबलांवर फिरते हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. अकरा महिने अगदी बरोबर बसतात.

तिसरा मजकूर वाचून आमचा चेहरा उतरला. १९२७ च्या पावसाळ्यातील यादी. मास्तर मालवणच्या बाजूलाच, नोकरीवर. राजीनामा नाही. मग मार्चमध्ये रजा टाकून महाडला गेले असतील काय? नाही म्हणण्याला पुरावा नाही, पण हो म्हणण्यालाही नाही. शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचा एकत्र खंड काढला तो आमच्या घरी आहे. परत आल्यावर त्याचे पान न् पान पाहिले. मास्तर नाहीत.

परतीच्या गाडीत आमचे थोडे वाजले. सहचारिणींचे म्हणणे, "महाडच्या आधी दोन वर्षं मास्तरांनी पोरांना विहिरीवर नेलं, त्याहून मोठं काय हवं तुम्हांला?" आमचे म्हणणे, पत्रात 'नेले' एवढेच आहे. पाणी पाजले असे नाही. काठी पडली का, पोरे तहानलेली परत आली का, कोणी लिहिलेले नाही. त्या म्हणाल्या, "तक्रार करणाऱ्यांना विचारा, उगाच का ओरडले?" पनवेलपर्यंत आम्ही गप्प होतो.

आत्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांना राग आला. "पेपरवाल्यांचं खरं आणि आमचं खोटं काय?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांच्या रागातही तथ्य आहे. ज्या पेपराला मास्तरांचे आडनाव छापवले नाही, त्याच्या गप्प राहण्यावर किती विश्वास ठेवायचा?

यंदाच्या २० मार्चला आम्ही सभेत विहिरीची गोष्ट सांगितली, तारखांसह. महाडविषयी कागद मिळाला नाही, आजीचे सांगणे मात्र असे होते, हेही सांगितले. टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. तो मुलगा मागच्या रांगेत होता. सभा संपल्यावर त्याने आमच्या मोबाईलमधले तिन्ही कात्रणांचे फोटो मागून घेतले. त्याच्याही आजोबांचे वडील म्हणे मास्तर होते, चिपळूणकडे कुठेतरी.