एकाच उसाचा हिशोब

तळेगाव ढमढेऱ्यात दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की हजेरीपटाच्या तळाशी चार-दोन नवी नावं चढतात. बहुतेक बीडकडची. उसाच्या फडाशेजारी कोप्या पडलेल्या असतात. आईबाप पहाटेच तोडीला जातात आणि ही लेकरं, धाकट्या भावंडाला सांभाळायचं नसेल त्या दिवशी, शाळेत येतात. कुणाकडे गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड असतं, कुणाकडे नुसतीच पिशवी. सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या लोकांची मुलं वर्गात आधीपासून असतातच.

सकाळी प्रतिज्ञा होते, सगळे एकमेकांचे बांधव होतात. रांगा मोडल्या की लगेच "ए भैय्या, सरक" कानावर येतं. पोषण आहाराच्या रांगेत कोपीवरच्या मुलींच्या मागं हातभर जागा सुटते. खिचडी एकाच पातेल्यातली, वाढणाऱ्या मावशीही त्याच, पण ती जागा कुणी न सांगता सुटते. अशा वेळी आम्हा शिक्षकांच्या तोंडी एक वाक्य तयार असतं: आपण सगळे सारखे. मला ते आता खोटं वाटतं. एकाचा बाप पाच एकर उसाचा मालक आणि दुसरीचा बाप तोच ऊस तोडणारा, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. सारखेपणाचं पांघरूण घातलं की फरकाबद्दल बोलायचंच राहून जातं आणि मग तो चिडवण्यातून बाहेर पडतो.

आमच्या टापूला न बोलण्याची सवयच आहे. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. 3 तारखेला महाराष्ट्र बंद होता. ती सावित्रीबाईंची जयंती! पुढं इथं मोठ्या माणसांनी एकमेकांना बजावलं, पोरांसमोर या विषयावर एक अक्षर नको. हेतू वाईट नव्हता. पण घरच्या मोबाईलवर सगळं येत होतं आणि पोरं ते बघत होती. गप्प होती ती फक्त शाळा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं जातीजातीची मुलं एकत्र राहिली, मिळून स्वयंपाक करून एका पंगतीला जेवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आपण सांगतो ती पंगतीची गोष्ट. माझं लक्ष मात्र चुलीकडं जातं. भाकरी कुणी करपवली, लाकडं कुणी आणायची, यावरून तिथं भांडणं झालीच असणार, आणि भांडायचं तर आधी बरोबरीनं बसावं लागतं. आमच्याकडे बोर्डिंग नाही. बाक आहेत आणि गणिताचा तास आहे.

म्हणून एकदा फळ्यावर उसाचंच उदाहरण घातलं. 2024 च्या करारात 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. जोडीनं दिवसात दोन टन तोडला तर किती? मागच्या बाकावरून हात वर न करताच उत्तर आलं, सातशे बत्तीस. कोपीवरची मुलगी. वर्गात तिचा आवाज तोवर कुणी धड ऐकला नव्हता. तिनं आपणहून पुढं जोडलं, "पण रोज दोन टन भरत न्हाई सर. अन् उचल फिटंस्तोवर हातात काईच येत न्हाई."

बागायतदाराचा मुलगा उसळला. "मग आमच्याकडनं खुशाली घेता ती? पप्पांनी पैसे दिले तेव्हा टोळी आली!"

"ते मुकादम अन् डायवर घेतेत. आमाला त्यातली कोंबडी बी भेटत न्हाई."

वर्ग हसला, तीही हसली. तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलानं विचारलं, "मुकादम म्हणजे ठेकेदारच ना? मेरे पापा का भी काटता है." उसाच्या फडातलं आणि कंपनीच्या गेटवरचं दुखणं एकच आहे, हे त्यानं कुणी न शिकवता जुळवलं. मी खडू खाली ठेवला.

पुढचा अर्धा तास प्रश्न त्यांनीच विचारले. उचल म्हणजे किती, ती फिटली नाही तर काय होतं? तुमच्या उसाचे पैसे कारखाना कधी देतो? "चौदा दिवसांत द्यायचे असतात, देत नाहीत," मुलगा म्हणाला. मालकही वाट बघत बसतो हे त्या मुलीला नवं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर थोडंसं समाधानही दिसलं, लपवून कशाला सांगू! त्याची तक्रार खरी होती, तिचीही खरी होती. मी मध्ये पडून समेट घडवला असता तर दोघांचंही तोंड बंद झालं असतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही दया शिकवतो, गरिबांना मदत करा म्हणतो. दया दाखवायला समोरच्याचं काही माहीत असावं लागत नाही. त्या दिवशी मात्र त्या मुलाला तिच्या घरचा हिशोब समजून घ्यावा लागला, तेही आपली तक्रार न सोडता.

खिचडीच्या रांगेतली जागा दुसऱ्या दिवशी भरली, असं काही झालं नाही. ती कधी सुटते, कधी नाही. शिवाय कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की मुलगी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर निघून जाणार, पुढच्या हंगामात टोळी कुठल्या गावाला पडेल याचा नेम नाही.

त्या मुलाचे वडील मात्र शाळेत आले. ऊसतोडीचा दर स्कॉलरशिपच्या परीक्षेला येतो का, असा त्यांचा सवाल होता. नाही येत, म्हटलं. ते बराच वेळ खुशालीबद्दल बोलले, कारखान्याबद्दल त्याहून जास्त बोलले आणि चहा न घेताच गेले. पुढच्या आठवड्यात मुलानं दप्तरातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. वजनकाट्याची पावती होती. "पप्पा म्हणाले, उदाहरण घालायचंच तर खऱ्या वजनावर घाला."